बॅगेची बाह्यरेषा

४ फेब्रुवारी

आज परत ती बॅग काढली. हे दुपारचे झोपले होते म्हणून. स्टुलावर चढून, माळ्यावरून, आवाज न करता.

दोन शर्ट. पायजमा. टॉवेल. दाढीचं सामान. गुडघ्याचं मलम. चपलांचा जोड. कितीदा उपसली तरी एवढंच निघतं. टॉवेल नवा, चपला नव्या. ज्या माणसाने लग्नापासून स्वतःसाठी एक रुमाल आणलेला नाही, आपले बनियन कुठल्या खणात असतात हे ज्याला रोज ओरडून विचारावं लागतं, तो नवा टॉवेल आणून बॅग भरतो — आणि बायकोला पत्ता नाही!

त्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "संध्याकाळी जरा बोलायचंय तुझ्याशी." मी म्हटलं, आत्ता बोला. "संध्याकाळी." मान वर न करता. आणि दुपारी दुकानात, यंत्रासमोर बसल्या बसल्या कलंडले. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम ह्यांचं, उभा जन्म तिथेच गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत उजवा हात लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं आणि शब्द सगळे पुसले गेले होते. एकच उरलाय. "बरं." पाणी देऊ? बरं. दुखतंय? बरं. मी कोण? बरं.

दुकानाचे मालक ती बॅग दवाखान्यात घेऊन आले. "वहिनी, हे त्यांचं दुकानात होतं." बोलत होते माझ्याशी आणि बघत होते फरशीकडे.

काय बोलायचं होतं? मला सोडून चालले होते का? आणि कोणाकडे? दोन महिने डोक्यात हे एकच चाललंय. अजून कोणाला विचारलेलं नाही. विचारलं की लोक सावध होतात.

६ फेब्रुवारी

ह्यांना बोलायला शिकवणारी मुलगी आली होती, दवाखान्यातली. पोरसवदा, आवाज फार गोड. एवढ्या गोड आवाजात कोणी बोललं की मी आधी पर्स कुठे आहे ते बघते.

तिने छापील कार्डं मांडली. वाफाळता कप, पलंग, संडास. "काका, पाणी हवं असेल तर कुठलं दाखवाल?" ह्यांनी एक कार्ड उचललं, उजेडात धरलं, कुठे चरा आहे का ते तपासलं आणि खाली ठेवलं. "बरं." तिला वाटलं कळत नाहीये. मला माहीत आहे, भिंग असं तपासतात.

म्हणाली, "काकू, ह्यांना समजतंय बरंचसं, शब्द तेवढे हाताला लागत नाहीत. चित्रांनी काम होईल. पण ही चित्रं परकी आहेत. तुम्ही काढा ना! तुमच्याच घरातल्या वस्तू, अगदी सोप्या करून." फोटो का नको, तर फोटोत मागचा सगळा पसारा येतो, माणूस गोंधळतो म्हणे.

मी आणि चित्रं! शाळेत घोडा काढला होता तर बाई म्हणाल्या, खाट छान आहे.

तिने एक पत्ता दिला. दवाखान्यातल्या सगळ्या पाट्या ज्याने केल्या तो पेंटर चित्रं सोपी कशी करायची ते शिकवतो. नको म्हणणारच होते. मग लक्षात आलं — जो माणूस पेल्याचं कार्ड उचलेल तो बॅगेचंही उचलेल. तोंडाने नाही तर कार्डाने सांगेल. सांगावंच लागेल.

जाते शिकायला.

११ फेब्रुवारी

पहिला दिवस. ह्यांच्याजवळ नणंदेला बसवून गेले. मोठी बहीण ह्यांची, दोन गल्ल्या सोडून राहते. बोलावल्या बोलावल्या आली. एरवी तिचे पाय दुखतात.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, रंगाच्या वासाने भरलेली. भिंतीला टेकून पाट्या — जिना, लिफ्ट, पळणारा माणूस, धूर काढायला मनाई. बायकांच्या पाटीतली बाई म्हणजे झगा घातलेला पुरुषच. पेंटर किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात, डाव्या भिंगाला चरा. बिछान्यावर पालथा ठेवत असणार.

स्टुलावर किटली ठेवली आणि म्हणाला, "कागदाकडे बघायचं नाही. किटलीच्या कडेवरून मुंगी चाललीय समजा. मुंगी जाईल तिथे डोळा, डोळा जाईल तिथे पेन्सिल. मुंगी उडी मारत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आंधळ्यासारखं?"

"पेन्सिल आंधळी. डोळा नव्हे."

बाह्यरेषा म्हणतात ह्याला. झाल्यावर बघितलं तर बटाट्याला सोंड फुटलेली. तो कागद बराच वेळ बघत बसला. "दोनदा बघितलंत कागदाकडे."

"छे, मुळीच नाही."

"इथे आणि इथे. रेघ एकदम शहाणी झालीय."

बघितलं होतं. दोनदाच. ह्या माणसापासून जरा जपून राहायला हवं.

१२ फेब्रुवारी

काल मी निघताना वन्सं म्हणाल्या, "तू सावकाश ये हो." सावकाश का?

१४ फेब्रुवारी

आज कात्री. मग माझाच डावा हात. कागदाकडे खरंच बघितलं नाही. डोळा एवढा हळू चालवला की अंगठ्याच्या नखापासून मनगटापर्यंत येईतो चहा निवला. हात काही धड आला नाही, बोटं एकमेकांत घुसली, पण प्रत्येक सुरकुती जागच्या जागी! मलाच आश्चर्य वाटलं.

पेंटर म्हणाला, "एरवी काय करता तुम्ही?"

"घर बघते."

"नाही, एवढं बघायची सवय कशाने लागली?"

मी म्हटलं, त्यात काय! तुमच्या शर्टाचं तिसरं बटण मागाहून लावलंय, दोरा निराळा आहे. मी यायच्या आधी इथे कोणीतरी चहा प्यायलंय, कारण कप दोन आहेत आणि एकाचा कान डावीकडे आहे, डावखुरं माणूस होतं. तो हसत सुटला. त्याचा मुलगा येऊन गेला होता. डावखुराच.

"लोक बघतच नाहीत, बाई. माहीत असलेलं काढतात. डोळा म्हटलं की बदाम, घर म्हटलं की त्रिकोण. तुम्हाला बघता येतं."

घरी येताना अंगावर मूठभर मांस चढलं होतं. कौतुक ऐकायची मला सवय नाही, आणि ह्या बाबतीत तर नाहीच. ह्यांचा शर्ट धुवायला टाकायच्या आधी मी खिसे बघते, कॉलर बघते, वास घेते. बसचं तिकीट कुठल्या थांब्याचं आहे ते बघते. यायला उशीर झाला तर कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी राहते. फोनवर बोलत असले तर समोर बसते, म्हणजे कोणाशी ते चेहऱ्यावरून कळतं. सगळ्याच बायका बघतात. माझ्याइतकं नीट कोणी बघत नसेल, एवढंच.

१८ फेब्रुवारी

आजपासून सोपं करणं. पेंटर म्हणाला, काढायला आलं, आता टाकायला शिका.

आमचा पेला घेऊन गेले होते. ह्यांचा ठरलेला पेला, स्टीलचा, एका बाजूला पोचा आलेला. आधी बाह्यरेषा काढली, सगळ्या खाणाखुणांसकट. मग वर पातळ कागद ठेवून तेच परत, पण एक रेघ कमी करून. "अजून पेला दिसतो? मग अजून एक काढा." चकाकी गेली. तळाचा गोल गेला. कडेची जाडी गेली.

"थांबायचं कधी?"

"पुढची रेघ काढली की वस्तूच जाईल, तेव्हा."

शेवटी चार रेघा उरल्या. पाटीवर शोभेल असा पेला! तिथून इथपर्यंत पळत आले जवळजवळ. ह्यांच्यासमोर धरला. "पाणी हवं?" ह्यांनी कार्ड उजेडात धरलं, तपासलं, परत दिलं. "बरं."

रडू आलं. रागाने की कशाने, देव जाणे.

२१ फेब्रुवारी

पेंटरला सांगितलं, तुमची रीत काही चालत नाही. त्याने विचारलं, टाकलंत काय काय? सांगितलं. "पोचा टाकलात?" म्हटलं, पोचा कशाला ठेवायचा, वस्तू नीट नको दिसायला? तो म्हणाला, "दवाखान्याच्या पाटीवर नको. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायला हवी. तुमची एकट्या माणसाला कळायला हवी."

घरी येऊन पोचा परत काढला. एवढीशी आत गेलेली रेघ. कार्ड पलंगाच्या कडेला ठेवून मी मुद्दाम कपड्यांच्या घड्या घालत बसले, तिरका डोळा तिकडेच. बराच वेळ काही नाही. मग डावा हात हळूहळू आला, कार्ड उचललं आणि माझ्या दिशेने धरलं. धरूनच राहिले.

पाणी दिलं. सांडत सांडत प्यायले. मी पलंगावर बसून मोठ्याने रडले. ह्यांनी "बरं, बरं" म्हणत माझ्या पाठीवर हात ठेवला. एवढं सुख मला लेक झाली तेव्हाही झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

मग रात्रीच्या भांड्यांपाशी विचार आला — पेला ओळखला. आता बॅग.

२४ फेब्रुवारी

उशी झाली. पांघरूण झालं. पंखा झाला — तीन पाती, त्यातलं एक आमच्या पंख्याच्या पात्यासारखं वाकलेलं. खिडकी झाली. बोलायला शिकवणारी मुलगी थक्क झाली, दवाखान्यात सगळ्यांना सांगणार म्हणे.

पण हे दिवसभर खिडकीचं कार्ड उचलतात. खुर्ची खिडकीशी नेऊन दिली की बाहेर तोंड करून बसतात. माझ्याकडे पाठ. काय आहे एवढं तिथे? मी मागे उभी राहून बघितलं. टपाल टाकणारा. कुत्रा फिरवणारी एक बाई, हिरवी छत्री. शाळेची गाडी. छत्रीवाली परत गेली. ह्यांनी मान वळवली नाही. पण न वळवणं हेही काही खरं नव्हे.

२५ फेब्रुवारी

बॅग काढली, चित्रासाठी. वन्सं ह्यांना कोवळ्या उन्हात बसवायला गच्चीवर घेऊन गेल्या होत्या तेवढ्यात.

इतक्या वेळा उघडली पण बाहेरून कधी बघितलीच नव्हती! आतल्या वस्तूंचाच काय तो ध्यास. आज डोळा मुंगीच्या चालीने नेला. तळाच्या कोपऱ्यातून वर, चेनवर, चेनवरून पट्ट्यावर. आणि पट्टा जिथे शिवलाय तिथे थांबला. निळा दोरा. करड्या बॅगेला निळा दोरा, उलट टीप, टोकाला तीन गाठी. तीन गाठी ह्या घराण्यात एकच बाई मारते. आमच्या उश्यांचे अभ्रे तिनेच शिवलेत, त्यांच्याही टोकाला तीन गाठी.

म्हणजे बॅग वन्संची. म्हणजे वन्संना माहीत होतं! अडीच महिने माझ्या घरात येऊन, माझ्या हातचा चहा पिऊन, मूग गिळून बसल्यात.

चित्र मात्र झकास आलं. पट्ट्यासकट.

२८ फेब्रुवारी

आज वन्संना गाठलं. बसवलं, चहा दिला आणि बॅग समोर ठेवली. कपात चमचा फिरवत राहिल्या.

"ही तुमची."

"हो. त्याने मागितली, मी दिली. भावाला बॅग देऊ नये?"

"कुठे जाणार होते?"

"मी नाही विचारलं." मग माझ्याकडे बघून, "मी नाही विचारत कोणाला."

"कोणी आहे का? स्पष्ट सांगा."

त्या हसल्याच. "त्याचं? अगं, त्याला दोन माणसांत उभं राहायचं तर घाम फुटतो!" मग हसू गेलं. "हे बघ, मी मध्ये पडणार नाही. तू चांगली आहेस, करतेस त्याचं सगळं. पण तो सांगेल तेव्हा त्यालाच विचार."

म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. पाणी मुरतंय. त्या ह्यांच्या खुर्चीशी गेल्या, दोघं मिळून खिडकीबाहेर बघत बसली. बोलणं नाही, चालणं नाही, तरी मला वाटलं मीच बाहेरची.

२ मार्च

लेकीचा फोन. तिच्या गावाहून दर रविवारी येतो. तिला कार्डांचं सांगितलं, खूश झाली. मग म्हटलं बॅगेचंही काढलंय. कुठे चालले होते ते विचारायला.

"आई, तू बाबांना बरं करते आहेस की त्यांची उलटतपासणी घेते आहेस?"

"विचारू पण नको का मी?"

"मी कॉलेजात होते तेव्हा तू माझी दप्तरं उपसायचीस."

"मग? सापडलं काही?"

"नाही."

"बघ, म्हणूनच नाही सापडलं."

फोन लवकर ठेवला तिने. हिचेही कान वन्संनी आधीच भरले असणार.

४ मार्च

आज माणसं. पेंटर म्हणाला, माणूस सोपा करायचा तर एक खूण ठेवायची, बाकी सोडून द्यायचं. वन्सं — अंबाडा आणि गालावरचा तीळ. लेक — कुरळे केस, बस्स, चेहराच नको. मालक — टक्कल आणि मिशी. घरी ह्यांनी तिघंही ओळखली.

पेंटर म्हणाला, "आणि तुम्ही?" म्हटलं, माझं कार्ड कशाला? मी तर समोरच असते.

येताना चष्म्याच्या दुकानात गेले. माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला करून नेला होता घरूनच. काउंटरवर एक बाई असते, चाळिशीची, आखूड केस, लोंबती कानातली. माझा पहिल्यापासून तिच्यावर डोळा. चांगली वागली. फारच चांगली.

"काका कसे आहेत? शांत माणूस हो. दुपारी मागच्या खोलीत दार लावून डबा खायचे आणि मग नुसते बसून राहायचे."

"एकटेच?"

"एकटेच. आम्ही मुद्दाम हाक मारायचो नाही."

दार लावून! आणि ही केवढ्या साळसूदपणे सांगतेय. पेंटर म्हणतो आठवणीतून काढायचं नाही, समोर बघून काढायचं. म्हणून समोरच्या फुटपाथवर, एका टेम्पोच्या आडोशाने, उभ्या उभ्या तिची कानातली काढून घेतली. टेम्पोवाला म्हणाला, मावशी, सर्व्हे आहे का?

६ मार्च

मालक ह्यांना भेटायला आले. दुकान उघडायच्या आधीच आले होते, घाईत. निघताना मी जिन्यात उतरून त्यांची वाट अडवली. विचारलं नाही. विचारून कोणी सांगत नाही. म्हटलं, "मला सगळं कळलंय. वन्संनी सांगितलं."

लगेच गळाला लागले. खांदेच पडले त्यांचे. "वहिनी, मी त्याला समजावलं होतं. ह्या वयात कशाला, म्हटलं. पण त्याचं एकच — दुकानावरची खोली मला दे. कॉट आहे, नळ आहे. मी म्हटलं, घरी बोल आधी. त्या संध्याकाळी बोलणारच होता तुमच्याशी."

"आणि खोलीत अजून कोण राहणार होतं?"

"अजून कोण म्हणजे? तो एकटाच."

"घर असताना एकट्या माणसाला खोली कशाला लागते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं. म्हणाले, "ते त्यालाच विचारा." आणि उतरून गेले.

मी पायरीवर बसले. म्हणजे खरं होतं. चाललेच होते. तीन महिने मी हेच धरून बसले होते, पण खरं निघालं तर काय होईल त्याचा विचारच केला नव्हता. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. राग नंतर आला, वर येऊन ह्यांना दूध पाजताना. तोंड पुसताना हात जरा जोरात फिरला. हे म्हणाले, "बरं."

एकटाच म्हणे. सगळे एकाच शाळेत शिकून आलेत.

७ मार्च

पेंटरकडे आधी दुकानाचं कार्ड केलं, मग बायकांची. कानातलीवाली. छत्रीवाली. दवाखान्यातली रात्रपाळीची नर्स, तिच्या केसांना क्लिप होती, ह्यांचं कपाळ उगाच पुसायची. आणि एक नुसती बाई, खूण नसलेली, कोणीही असू शकेल अशी.

पेंटर म्हणाला, "एवढ्या बायका कशाला?"

"ओळखायला."

त्याने ते शेवटचं कार्ड उचललं. "ही कोण?"

"ते मला अजून माहीत नाही."

"मग काढलीत कशावरून?"

मी पेन्सिली गोळा करायला लागले. तो म्हणाला, "बाकी सगळी कार्डं तुम्ही बघून काढलीत. हे माहीत असलेलं काढलंय." कार्ड टेबलावर ठेवून आपल्या पाटीला रंग द्यायला गेला. महिना झाला नाही शिकवायला लागून आणि हा मला शिकवणार घरातलं! डब्यात भरून घेऊन आले चारही.

८ मार्च

उद्या विचारणार. आज धीर झाला नाही. ह्यांनी आपण होऊन रेडिओचं कार्ड उचललं, गाणी लागली होती, माझ्याकडे बघून हसले सुद्धा, अर्ध्या तोंडाने. हा माणूस मला सोडून चालला होता, ह्यावर क्षणभर विश्वास बसेना.

उद्या.

९ मार्च

सकाळी टेबल ओढलं आणि सगळं मांडलं. बॅग, दुकान, चारी बायका. विचारलं, तुम्ही जाणार होतात? ह्यांनी बॅगेचं कार्ड उचललं, दुकानाच्या कार्डाशेजारी ठेवलं. म्हणजे हो. मग कोणासाठी? बायकांची कार्डं डाव्या हाताने एकेक करून पालथी घातली. चारही. मी म्हटलं, खोटं. मी परत सुलटी केली. ह्यांनी परत पालथी घातली.

मी म्हटलं, मग का? का चालला होतात?

माझ्या हातातली पेन्सिल घेतली. एका पालथ्या कार्डावर, डाव्या हाताने काढायला लागले. कागदाकडे बघितलं नाही, सगळा वेळ माझ्याकडेच बघत होते. एक डोळा काढला. सताड उघडा. त्याच्याशेजारी दुसरा. मग तिसरा, चौथा, कार्ड भरेपर्यंत डोळेच डोळे. पेन्सिल ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं.

मी उठून स्वयंपाकघरात आले. दुपार झालीय. हे तिकडे काय करताहेत, मला माहीत नाही. बघायला गेलेले नाही.